एकच ओढा, बारा महिने: घराजवळचे पक्षी ओळखायला शिकताना

माझ्या पहिल्या वहीत चार वेगवेगळ्या पानांवर एकच नोंद आहे: ‘तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, लांब शेपटी, लाल डोळा. ओळखला नाही.’ चौथ्या वेळी तर मी खाली ‘दुर्मीळ असावा’ असं लिहून दोन रेघा मारल्या आहेत.

ती कोकिळा होती. काळाकुळकुळीत असतो तो नर, आणि पहाटे ‘कुहू’ करून झोपमोड करणाराही तोच. मादी ठिपकेदार असते. ती गात नाही, ‘किक् किक् किक्’ करत एका झाडातून दुसऱ्या झाडात घुसते. कवितेतल्या कोकिळेनं माझी दिशाभूल केली, असं मी बरेच दिवस सांगत होते. खरं कारण एवढंच होतं की दर रविवारी पहाटे उठून साठ-सत्तर किलोमीटरवरचा तलाव गाठायचा, रोहित (फ्लेमिंगो) बघायचे, फोटो काढायचे, हे मी दोन वर्षं करत होते. खिडकीसमोरच्या झाडाकडे मात्र मान वर करून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी उलट करून बघितलं. एक जागा धरली आणि वर्षभर तिथेच गेले. पक्षी ओळखायला मी शिकले ते तेव्हा. ज्यांना सुरुवात करायची आहे, किंवा सुरुवात करून कंटाळा आला आहे, त्यांच्यासाठी ही कृती मी केली त्या क्रमानं लिहिते आहे.

जागा धरा

घरापासून पायी दहा मिनिटांत पोचता येईल, हीच खरी अट. त्याहून लांब असेल तर तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद होतं. जागा देखणी असायची गरज नाही. माझी जागा म्हणजे घरामागचा ओढा, त्याच्या काठच्या पाच-सहा बाभळी, एक जुनं उंबराचं झाड, घाणेरीनं भरलेला पडीक प्लॉट आणि वरून गेलेल्या विजेच्या तारा. ओढ्याला वासही येतो. पण पक्ष्यांना पाणी, खाणं, आडोसा आणि बसायला उंच जागा लागते, आणि या चारही गोष्टी तिथे दीडशे पावलांत आहेत. दोन प्रकारची जमीन जिथे एकमेकींना भिडते, म्हणजे झाडी आणि मोकळं रान, पाणी आणि चिखल, तिथे पक्षी जास्त असतात. बागेच्या मधोमध उभं राहण्यापेक्षा कुंपणाशी उभं राहा.

जागेच्या हद्दी पहिल्याच दिवशी ठरवा आणि आतल्या खुणांना नावं द्या. माझ्या वहीत ‘वाकडी बाभूळ’, ‘ट्रान्सफॉर्मर’, ‘फुटका पाइप’ अशी ठिकाणं आहेत. ऐकायला गमतीचं वाटतं, पण ‘खंड्या, फुटका पाइप’ हे तीन शब्द सहा महिन्यांनी वाचले की सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. जागा निर्मनुष्य असेल तर सोबतीला कुणाला तरी न्या, निदान घरी सांगून निघा.

पहिला महिना दुर्बिणीशिवाय

हे सांगितलं की लोक नाराज होतात. पण दुर्बीण हातात आली की माणूस पक्ष्याचा तुकडा बघायला लागतो, डोळ्याभोवतीचं कडं, पंखावरची रेघ. पक्षी कसा चालतो, कुठे बसतो, कुणाबरोबर असतो, हे सुटून जातं. साळुंकी चालते, चिमणी दोन्ही पायांनी उड्या मारते, कावळा दोन्ही करतो. हे दुर्बिणीतून दिसत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

महिन्यानंतर दुर्बीण घ्या. तिच्यावर लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ सोपा आहे: ८×४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नका. दहा-बारापट जवळ आणणाऱ्या दुर्बिणीत हाताची थरथरही तितकीच मोठी होते आणि दिसणारा भाग लहान होतो, त्यामुळे पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. सुरुवातीला ८×४२ किंवा ८×३२ पुरते.

आता ती नीट लावून घ्यायची. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. चष्मा असेल तर डोळ्यांपाशी असलेल्या रबरी कडा खाली फिरवून ठेवा. मी हे न करता सहा महिने काळ्या चंद्रकोरी बघत होते. मग उजवा डोळा मिटा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्वच्छ दिसेल असं करा. नंतर डावा डोळा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. ही कडी आता पुन्हा हलवायची नाही. दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक तिनं कायमचा सांभाळला. यापुढे फक्त मधलं चाक.

पक्षी दुर्बिणीत सापडत नाही ही प्रत्येकाची तक्रार असते. कारण आपण मान खाली घालून दुर्बीण डोळ्यांना लावतो आणि मग शोधायला लागतो. तसं नको. नजर पक्ष्यावरून काढायची नाही, मान हलवायची नाही, दुर्बीण मधे आणायची. आधी तारेवरच्या एखाद्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर पन्नासदा सराव करा. तो उडत नाही.

कधी जायचं, कसं उभं राहायचं

सूर्योदयानंतरचे दोन तास सोन्याचे. संध्याकाळचा शेवटचा तासही चांगला. दुपारी उन्हात घारी आणि वेडे राघू सोडले तर बाकीचे पानांत बसून असतात. पावसाळ्यात सर ओसरल्यानंतरची पंधरा मिनिटं चुकवू नका, सगळे अंग झटकायला आणि किडे टिपायला बाहेर येतात.

सूर्य पाठीशी हवा. उजेडाकडे तोंड करून पाहिलेला प्रत्येक पक्षी काळा दिसतो, आणि माझ्या पहिल्या वर्षीच्या ‘काळा, लहान’ अशा नोंदी त्यातूनच आल्या आहेत. कपडे मळकट रंगाचे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हालचाल कमी. चालत राहू नका. एका खुणेशी दहा मिनिटं थांबा. पहिली तीन-चार मिनिटं काही नसतं, मग झुडपाला तुमची सवय होते आणि आतून आवाज सुरू होतात.

सातभाई, बुलबुल, खार आणि कावळे एकाच फांदीकडे बघून ओरडत असतील तर तिकडे बघाच. तिथे साप असेल, मांजर असेल किंवा दिवसा ढोलीबाहेर बसलेला पिंगळा असेल. माझ्या उंबरातला पिंगळा मला बुलबुलांनी दाखवला.

रंग शेवटी

नवशिक्याची चूक एकच असते आणि ती सगळेच करतात: रंगापासून सुरुवात. ‘निळा पक्षी दिसला.’ रंग उजेडाप्रमाणे बदलतो, नरमादीत बदलतो, वयाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतो. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीच्या हंगामात काळाजांभळा चमकतो आणि हंगाम संपला की मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. रंगावर विसंबून मी त्याला दोन वेगळे पक्षी म्हणून मोजलं होतं.

म्हणून क्रम असा. आधी आकार, आणि तो सेंटिमीटरमध्ये नाही, ओळखीच्या पक्ष्यांच्या मापात: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, पारव्याएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. ‘साळुंकीपेक्षा लहान, बुलबुलापेक्षा मोठा’ असं म्हणता आलं की निम्मे पर्याय गळून पडतात. हे माप पक्कं व्हायला हे सहा पक्षी आधी मनसोक्त बघावे लागतात. पहिला महिना त्यासाठीच होता.

मग चोच. जाड, आखूड, त्रिकोणी असेल तर दाणे फोडणारा: चिमणी, मुनिया, सुगरण. बारीक आणि खाली वळलेली असेल तर फुलातला रस पिणारा सूर्यपक्षी. सरळ खंजिरासारखी आणि डोक्याच्या मानानं मोठी असेल तर खंड्या. टोकाशी आकडा असेल तर मांस फाडणारा: घार, शिक्रा, आणि आकारानं लहान असूनही खाटीक.

मग शेपटी, आणि ती कशी धरली आहे. शिंपी आणि चीरक ती ताठ वर उचलतात. नाचण पंख्यासारखी पसरतो आणि एका जागी ठरत नाही. धोबी सतत वरखाली हलवतो. थिरथिरा ती थरथरवतो, नाव त्यावरूनच पडलं आहे. कोतवालाची टोकाला दुभंगलेली.

मग कुठे आणि काय करतो. एकाच तारेवरून झेप घेऊन, हवेत माशी पकडून, पुन्हा त्याच तारेवर येणारा हिरवा पक्षी वेडा राघूच. मधमाशी सापडली की तो ती फांदीवर आपटून घासतो आणि नांगीतलं विष काढून मग गिळतो. त्याला वेडा कुणी म्हटलं कोण जाणे. खोडावर उभा चढणारा सुतार, उघड्या जमिनीवर धावून एकदम थबकणारी टिटवी, झुडपाच्या बुडाशी पानं उलथणारे सातभाई. ही माहिती रंगापेक्षा विश्वासाची आहे.

आणि सगळ्यात शेवटी रंग.

हा क्रम जोड्यांवर घासून बघा, कारण पक्षी एकेकटे लक्षात राहत नाहीत, तुलनेत राहतात. सुरुवात कावळ्यापासून. मान राखाडी तो गावकावळा. सगळा काळा, अंगानं भारी, चोच जाड आणि आवाज घोगरा तो डोमकावळा. हे दोन वेगळे आहेत हे कळायला मला वयाची पस्तिशी गाठावी लागली.

दयाळ आणि चीरक, दोघेही काळे-पांढरे, दोघांची शेपटी वर. दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरी पट्टी. त्याला बागेतली सावली आवडते. चीरक त्याहून लहान, पोट काळं, खांद्यावर छोटा पांढरा डाग आणि शेपटीखाली तांबूस रंग. तो दगडधोंड्यांच्या उघड्या जागी असतो. माझ्याकडे दयाळ उंबराखाली आणि चीरक पडीक प्लॉटवर. दोघांत पन्नास पावलांचं अंतर, आणि वर्षभरात ती सीमा ओलांडलेली मी दोनदाच पाहिली.

उंच आकाशात कोयत्यासारखे पंख घेऊन फिरणारी पाकोळी आणि त्याच हवेत किडे पकडणारी भिंगरी यांचा घोळ सोडवणं सोपं आहे: तारेवर बसलेली असेल तर ती भिंगरी. पाकोळीचे पाय उभ्या भिंतीला लटकण्यापुरतेच असतात, तारेवर तिला बसताच येत नाही.

सर्वांत अवघड जोडी शिक्रा आणि पावशा. शिक्रा शिकारी, पावशा किडे आणि सुरवंट खाणारा, कोकिळेच्या कुळातला. पण पाठ राखाडी, पोटावर आडवे पट्टे, उडणं आणि फांदीवर येऊन बसण्याची ढबही तीच. लहान पक्षीसुद्धा फसतात आणि पावशाला बघून ओरडा करतात. चोच बघा: शिक्र्याच्या चोचीला आकडा असतो, पावशाची साधी. चोच दिसली नाही तर वाट बघा. मी एकदा त्याच्याखाली चाळीस मिनिटं उभी होते, शेजारच्या आजोबांना शिक्र्यावर व्याख्यान देत. शेवटी त्यानं गळा फुगवून ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ सुरू केलं. आजोबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत घरी गेले.

कान तयार करा

एकदा पानं दाट झाली की दिसण्यापेक्षा ऐकू येणारे पक्षी जास्त. सगळे आवाज एकदम शिकायला जाऊ नका. आठवड्याला एक. आवाज आला की तो काढणाऱ्याला चोच उघडताना डोळ्यांनी बघेपर्यंत सोडायचं नाही. असा शोधून पाहिलेला आवाज विसरला जात नाही. रेकॉर्डिंग ऐकून पाठ केलेला दोन दिवसांत जातो.

आपल्या भाषेत आधीच पुष्कळ सोय करून ठेवली आहे. पावशाचं ‘पेर्ते व्हा’, टिटवीचं ‘टिटिव टिव टिव’, कावळ्याची काव. तांबट एका लयीत ‘टुक टुक टुक’ करतो, लांबून कुणी तांब्याचं भांडं ठोकतंय असं. भारद्वाजाचा ‘कूप कूप कूप’ रिकाम्या मडक्यात तोंड घालून काढल्यासारखा. शिंप्याचा आवाज त्याच्या अंगाच्या चौपट मोठा. जिथे तयार शब्द नसेल तिथे स्वतःचा बनवा. माझ्या वहीत वटवट्याच्या आवाजापुढे ‘शिवणयंत्र, तेल घालायला हवं’ असं आहे.

आवाज ओळखून देणारं मर्लिन हे अ‍ॅप फोनमध्ये ठेवायला हरकत नाही, पण त्यानं सुचवलेलं नाव म्हणजे शोधायला दिलेला धागा, पुरावा नव्हे. खाटीक इतर पक्ष्यांच्या नकला बेमालूम करतो, आणि कोतवाल शिक्र्याचा आवाज काढून साळुंक्यांना पळवतो आणि त्यांच्या तोंडचा किडा पळवतो. तिथे फोन काय करणार.

आणि एक गोष्ट कटाक्षानं टाळा: फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणं. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, घरटं सोडून लढायला येतो. तुम्हाला फोटो मिळतो, त्याची सकाळ जाते.

वही

छापील पक्षीपुस्तक आणि वही यांच्यात आधी वही उघडायची. हा माझा सर्वांत कडक नियम आहे. पक्षी दिसला की जे दिसलं तेवढंच लिहा, जमेल तसं चित्र काढा: अंगासाठी एक बटाटा, डोक्यासाठी एक लिंबू, मग चोच, शेपटी, आणि जिथे रंगाचा डाग दिसला तिथे बाण. चित्र वाईट येऊ दे. चित्र काढायला घेतलं की लगेच कळतं की पाय कुठल्या रंगाचे होते ते आपण पाहिलंच नाही, आणि पक्षी अजून समोर असतो तोवर पाहून घेता येतं. पुस्तक आधी उघडलं तर त्यातल्या चित्रात जे असतं ते आपल्याला दिसल्यासारखं वाटायला लागतं. डोळे फार आज्ञाधारक असतात.

माझी एक साधी नोंद जशीच्या तशी:

‘१४ ऑक्टोबर. सकाळी ६.४० ते ७.२५. ढगाळ, वारा नाही. गावकावळा ११. साळुंकी ८ (दोन जोड्या तारेवर). लालबुड्या बुलबुल ५. वेडा राघू ३. खंड्या १, फुटका पाइप, खेकडा घेऊन आपटत होता. सातभाई ७, एक वर टेहळणीला. शिंपी २, फक्त आवाज. ढोकरी १. थिरथिरा १ नर, पडीक प्लॉट, या मोसमातला पहिला. वटवट्यासारखा १, बाभळीच्या शेंड्याला, ओळखला नाही.’

यात चार गोष्टी आहेत. वेळ सुरुवातीची आणि शेवटची. प्रत्येक जातीपुढे आकडा. दिसलेल्या आणि ओळखलेल्या सगळ्यांची नोंद, फक्त आवडलेल्यांची नाही. आणि ‘ओळखला नाही’ लिहिण्याची तयारी. हिवाळ्यात पानापानांतून फिरणारे हिरवट-तपकिरी वटवटे तर अनुभवी माणसांनाही दमवतात. तिथे अंदाजानं नाव ठोकून देण्यापेक्षा कोरी जागा बरी.

थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते बघा आणि तेवढ्या जागा थव्यात किती बसतात ते मोजा.

आकडे कशाला, असं मलाही वाटायचं. आकड्यांशिवाय ‘चिमण्या कमी झाल्या’ हे नुसतं हळहळणं राहतं. पूर्ण यादीचा फायदा असा की काय दिसलं याबरोबरच काय दिसलं नाही तेही त्यातून कळतं. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्ड या संकेतस्थळावर अशा याद्या जगभरातून जमा होतात. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३चा अहवाल ९४२ जातींबद्दल बोलतो, आणि तो ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. त्यातलं मला सर्वांत बोचलेलं नाव नीलपंखाचं. तारेवर बसलेला, उडाला की निळा भडका होणारा, ‘हा काय, नेहमीचाच’ म्हणून ज्याची नोंदही कुणी करत नव्हतं, असा पक्षी. त्याची संख्या ३० टक्क्यांहून जास्त घटली आहे. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या, तलावांच्या वहीत तो एकदाही नाही. वाटेत दिसला नव्हता असं नाही. लिहिला नव्हता.

नावांबद्दल एक सूचना. एकाच पक्ष्याला मराठीत चार नावं असतात. भारद्वाजाला कुणी कुंभारकावळा म्हणतं, कुणी सोनकावळा, कुणी कुकुडकोंबा. आपल्या घरातलं नाव टाकून देऊ नका, पण वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं शास्त्रीय नाव लिहून ठेवा. सेंट्रोपस सायनेन्सिस म्हटलं की वाद मिटतो.

वर्ष कसं फिरतं

एकाच जागी राहण्याचं बक्षीस इथे मिळतं. मार्चमध्ये दयाळ पहाटे उंच टोकावर बसून गायला लागतो. हिवाळाभर तो नुसता खरखरत असतो, त्यामुळे तोच पक्षी आहे यावर विश्वास बसत नाही. तांबट याच सुमाराला जोर धरतो. एप्रिल ते जून कावळ्यांची घरटी, आणि म्हणून कोकीळ तेव्हाच सर्वांत जास्त ओरडतो: त्याच्या जोडीदारणीला अंडी घालायला कावळ्याचंच घरटं हवं असतं. पावसाळा सरत आला की त्याचा आवाज एकाएकी थांबतो. तो गेलेला नसतो. तिथेच असतो, गप्प.

पावसाच्या तोंडावर चातक येतो, डोक्यावर शेंडी असलेला काळा-पांढरा. त्यातले पुष्कळ मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतात. पावसाच्या थेंबावर जगणं वगैरे राहू द्या, तो सुरवंट खातो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. इथेही भाषेनं नरमादीची अदलाबदल केली आहे: खोपा नर विणतो, अर्धा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तर पुढचं काम होतं. नापसंत झालेले अर्धे खोपे पावसाळा संपल्यावरही तसेच लोंबत राहतात. वहीत मी त्यांची वेगळी मोजणी ठेवते.

सप्टेंबर आला की रोज ओढ्याकडे बघा. करडा धोबी, म्हणजे पिवळ्या पोटाचा, लांब शेपटीचा परीट, उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांत पहिल्या फळीतला. मग थिरथिरा, मग पानांतले वटवटे. भोरड्यांचे थवे मध्य आशियाकडून येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, सावर फुलली की त्यांच्यावर तुटून पडतात. प्रत्येक पाहुण्याची पहिली आणि शेवटची तारीख लिहा, बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल.

अंतर राखा

पक्षी खाणं थांबवून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही जास्त जवळ गेला आहात. दोन पावलं मागे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तर तुमच्या पायाजवळ तिची अंडी आहेत. ती खड्यांसारखी दिसतात, साधारणपणे चार, आणि उघड्या जमिनीवरच असतात. मी एकदा असाच पाय टाकणार होते. तेव्हापासून तो ओरडा ऐकला की आल्या पावली, खाली बघत परत.

घरट्याजवळची फांदी फोटोसाठी बाजूला करू नका. ती फांदी म्हणजे पिल्लांचं छप्पर आणि कावळ्यापासूनचा पडदा. घरटी, अंडी हलवणं, किंवा आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, हे आसपासच्या मुलांना सांगायला विसरू नका. मुलं ऐकतात, मोठी माणसं वाद घालतात.

खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर आधी बघा पिसं आली आहेत का. आली असतील आणि ते टुणटुणत असेल तर ते उडायला शिकतं आहे; मांजर येणार नाही अशा जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा, आईबाप जवळपासच असतात. उघडंबोडकं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे. घरी नेऊन खोक्यात ठेवून दूध पाजणं मात्र त्याला मारून टाकणं आहे.

घराशी करण्यासारखं थोडकंच. दोन-तीन सेंटिमीटर पाणी राहील असं पसरट मातीचं भांडं, सावलीत, रोज धुऊन. मोठ्या काचेवर पक्षी आपटत असतील तर काचेच्या बाहेरून, दर पाच सेंटिमीटरवर एक, असे ठिपके लावा. एखादंच पाखराचं चित्र चिकटवून उपयोग होत नाही, बाकीच्या काचेत त्यांना आभाळच दिसत राहतं.

दुसरं वर्ष

वर्ष झालं की वही पहिल्या पानापासून वाचायची आणि ज्या तारखा कोऱ्या आहेत त्यांच्यावर खूण करायची. माझ्या मेच्या पानांवर जवळजवळ काहीच नव्हतं, उकाड्याला कंटाळून मी गेलेच नव्हते; म्हणून दुसऱ्या वर्षी मेमध्ये गेले, आणि कावळ्याच्या घरट्यात कावळ्याहून लहान, वेगळ्याच आवाजात खायला मागणारं पिल्लू सापडलं. रोज गेले. कावळीण त्याला भरवत होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते घरट्याबाहेर फांदीवर येऊन बसलं. तपकिरी काळसर, अंगावर पांढरे ठिपके फुटलेले.

या वेळी नाव लिहायला पुस्तक लागलं नाही. जुनी वही काढून त्या चार पानांवर, ‘दुर्मीळ असावा’च्या शेजारी, या फांदीचा पत्ता लिहून ठेवला: ट्रान्सफॉर्मरच्या डावीकडची तिसरी बाभूळ.